चॅनेलची अंगठी: आधी बोटाचं माप, मग डिझाइन

लग्नसराई आली की चॅनेल सेटिंगवरचे तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. यंदाचे काही घेतो.

प्रश्न: चॅनेल सेटिंग म्हणजे नेमकं काय?

सोन्याच्या दोन भिंतींमध्ये खाच, आणि तिच्यात एकाला एक लागून बसवलेले हिरे. वर हिरा पकडणाऱ्या सोन्याच्या नख्या नाहीत, दोन हिऱ्यांच्या मध्ये सोनंही नाही.

प्रश्न: आई म्हणते, सोनं २२ कॅरेटचंच घे.

आईला पाटल्यांसाठी विचारा. इथे हिरे धरून ठेवतात त्या दोन भिंती, आणि २२ कॅरेट त्या कामाला मऊ पडतं. १८ कॅरेट घ्या, म्हणजे ७५ टक्के सोनं.

प्रश्न: बायकोला सरप्राइज म्हणून गोल फिरून पूर्ण हिरे असलेली चॅनेल अंगठी घेतली. ती झोपलेली असताना दोऱ्याने माप घेतलं होतं. आता सांध्यावरून उतरत नाही. दुकानदार म्हणाला होता, "साइझ नंतर करून देऊ."

हे "नंतर करून देऊ" ऐकून माझे कान किटले आहेत. साधी अंगठी मोठी करताना ती मागून कापतात, तुकडा घालून जोडतात. तुमच्या अंगठीला कापायला मागची बाजू आहे कुठे? सगळीकडे हिरेच. अर्ध्या भागात हिरे असतील तर थोडाफार फरक करता येतो. जास्त ताणलं की गोलाई बदलते, भिंती फाकतात आणि हिरे सैल होतात. आवळलं तर हिरे एकमेकांवर दाबले जातात, कडेचा टवका उडतो. हिरा सगळ्यांत कठीण खरा, पण ठोक्याने तुटतो. दोरा बोटाच्या बुडाचं माप देतो. अंगठीला सांधा ओलांडायचा असतो. उकाड्यात बोटं फुगतात, थंडीत बारीक होतात, आणि रुंद अंगठी त्याच मापातही घट्ट लागते. म्हणून माप दोनतीनदा, वेगवेगळ्या वेळी, तेवढ्याच रुंदीच्या रिंगने घ्यावं. सरप्राइज बाकी कशाचंही द्या हो! आता आधी साबणाच्या पाण्याने अंगठी काढा. बोट सुजत असेल तर थेट डॉक्टरकडे. मग बदलून मिळते का ते विचारा, आणि जे ठरेल ते बिलावर लिहून घ्या. कापण्याआधी जडणकाम करणाऱ्या कारागिराचं मत घ्याच.

प्रश्न: कणीक मळताना नख्यांत पीठ अडकतं म्हणून चॅनेल घेतेय. टूथपेस्टने साफ केलं तर चालेल?

नख्यांचा विचार बरोबर आहे. टूथपेस्ट अजिबात नको, सोन्यावर ओरखडे पडतात. पीठ चॅनेलमध्येही हिऱ्यांमागे शिरतंच, तेव्हा मळताना अंगठी काढून ठेवा. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश पुरे. बेसिनवर नको, वाटीत धुवा.

प्रश्न: हॉलमार्क आहे, म्हणजे हिरे खरेच ना?

नाही. हॉलमार्क आणि त्यासोबतचा एचयूआयडी, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा ओळख क्रमांक, सोन्याच्या शुद्धतेचा. हिऱ्यांसाठी वेगळं प्रमाणपत्र मागा आणि बिलावर सोन्याचं निव्वळ वजन व हिऱ्यांचं वजन स्वतंत्र लिहून घ्या. हिऱ्याचा कॅरेट शुद्धतेचा नाही, वजनाचा: एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. तेवढंही सोन्याच्या भावाने का मोजायचं?

प्रश्न: मध्ये पाचू बसवू का?

रोजच्या अंगठीत नको.

प्रश्न: अंगठी हलवली की बारीक आवाज येतो.

कानाशी धरून टिचकी मारा. खुळखुळली तर एखादा हिरा सुटलाय. चॅनेलमध्ये एक निखळला की शेजारचेही सरकतात. आज काढा, उद्या कारागिराला दाखवा.