आईनं अंगठा कशावर दिला?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, मागे तीन एकर द्राक्षबाग. भाऊ म्हणतो, दिवाळीच्या आत हक्कसोडपत्रावर सही कर. ‘आईनं तर अंगठा दिलाही. मी नाही म्हटलं तर माहेर तुटेल का?’

ताई, माहेराचं नंतर बघू. आईला तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंत, आणि मला राग आलाय तो तिथंच.

वडिलांमागे आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा. जमीन वडिलोपार्जित असली तरी हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तुमच्या घरात हिशेब तोच येतो. म्हणजे त्या बागेत एक एकर आईचं आहे. लेकीनं वाटा मागितला की पारावर चर्चा होते. आईचा वाटा गेला तर कुणी विचारतही नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.

भाऊ भला असेल. पण सातबाऱ्यावर आईचं नाव नसेल, तर उद्या बाग गहाण पडताना किंवा विकताना तिला कुणी विचारणार नाही.

या आठवड्यात माहेरी जा आणि आईला एकटीला विचारा: अंगठा मशीनवर घेतला का? कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला का? काढला असेल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, नोंदलाय. तिथून नक्कल घ्या आणि तिला वाचून दाखवा. अंगठा न सांगता, फसवून घेतला असेल तर तो दस्त दिवाणी न्यायालयात रद्द करून मागता येतो, मुदत फसवणूक कळल्यापासून ३ वर्षं. नुसता स्टॅम्प पेपर नोटरीपुढं केला असेल, तर त्यानं जमिनीतला हक्क सुटत नाही. गावाकडं हेच जास्त घडतं, आणि बाया सगळं गेलं समजून गप्प बसतात.

मग तलाठ्याकडं जाऊन वारस नोंदीचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद, बघा. आईचं नाव गाळलं असेल तर नोटिशीपासून १५ दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. नोंद मंजूर झाली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडं अपील, ६० दिवसांत.

तोवर भावाला एवढंच सांगा: आधी आईचं नाव उताऱ्यावर दाखव, मग माझ्या सहीचं बोल.