आधी तू चालवून दाखव

प्रिय मुली,

बाबांना रात्री समोरच्या गाडीच्या अप्पर लाइटने दिसेनासं होतं, तरी डॉक्टरी दाखल्यावर लायसन आणखी पाच वर्षांचं होऊन आलं. आता किल्ली कशी काढून घेऊ, असं तू विचारतेस. किल्ली काढू नकोस. चालवून दाखवा म्हण. पण आधी तू दाखव.

रागावलीस? तुझं लायसन तेविसाव्या वर्षीचं. २०१९च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन थेट चाळिशीपर्यंत चालतं. तोवर तुझा हात कोणी बघणार नाही. पुढेही दाखलाच. डॉक्टर डोळे तपासेल, पसरणी घाट तू कुठल्या गिअरवर उतरतेस ते त्याला काय कळणार? मुदत संपून वर्ष उलटलं तरच पुन्हा आरटीओच्या ट्रॅकवर चाचणीला बोलावतात. म्हणजे परीक्षा कोणाची, तर फॉर्म भरायला विसरला त्याची!

शिवाय नियमही बदलतात. १९८९चे रस्त्याचे नियम जाऊन २०१७मध्ये नवे आले. सर्कलमध्ये आधीपासून असलेल्या गाडीला वाट द्यायची, हे बाबांना कोणी सांगितलं? तुला तरी?

म्हणून म्हणतो, दर पाच वर्षांनी सगळ्यांनी चालवून दाखवावं. एकट्या म्हाताऱ्यांनी नव्हे. एजंटांचं फावेल, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण चिरीमिरी चालते म्हणून परीक्षाच नको, हे वकिलीचं शिक्षण घेणाऱ्या मुलीने लिहावं?

‘ड्रायव्हिंग स्कूलवाला धंद्याचंच बोलणार’ असं बाबा म्हणतील. म्हणू देत. मी पालकांना सांगायचो, पोरांना घाटात नेऊ, पावसात चालवू देऊ. ते म्हणायचे, लायसनपुरतं शिकवा. शिकवलं लायसनपुरतं. नसतं शिकवलं तर पलीकडच्या गल्लीतल्याने कमी पैशात तेच केलं असतं. मलाही घर होतं. पण त्यातलाच एखादा वळणावर हॉर्न मारत मला ओव्हरटेक करतो, तेव्हा डोकं फिरतं. याला पुन्हा कोणी तपासायचं? मी तर नाही, मला तो अधिकारच नाही.

असो. रविवारी दिवसाउजेडी बाबांना शेजारी बसव आणि तू चालव. चुका काढू देत, उलट बोलू नकोस. मग त्यांची पाळी. अंधारातली फेरी मात्र त्यांच्या गाडीत नको. माझी गाडी घेऊन येतो, तिला माझ्या बाजूलाही ब्रेक आहे. पेट्रोल तुझं.

तुझा,
काका