गोल्फचे मैदान आणि वळवाची वीज

वळवाच्या पावसाचे दिवस जवळ आले की या सदराकडे विजेसंबंधीची पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांतली बरीचशी गोल्फ खेळणाऱ्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझे यजमान निवृत्तीनंतर गोल्फ खेळू लागले आहेत. बॅगेत डझनभर लोखंडी काठ्या घेऊन मोकळ्या माळावर हिंडणे म्हणजे विजेला आमंत्रणच, असे मला वाटते. ते म्हणतात की, गडगडू लागले की स्टिक खाली ठेवायची, म्हणजे धोका टळतो. कोणाचे बरोबर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण तिचे कारण काठ्यांचे लोखंड नव्हे, आणि यजमानांचा उपाय तर अगदीच अपुरा आहे. धातू विजेला लांबून ओढून घेतो हा समज सर्वत्र आढळतो, परंतु ढगातून निघालेला विद्युतभार टप्प्याटप्प्याने खाली सरकत असतो आणि जमिनीपासून पन्नास-शंभर मीटरवर येईपर्यंत खाली माणूस आहे की झाड, याने त्याच्या वाटेत फारसा फरक पडत नाही. अखेरच्या टप्प्यात मात्र जमिनीवरच्या उंच, टोकदार आणि एकट्या उभ्या असलेल्या वस्तूंमधून त्याच्या दिशेने ठिणग्या झेपावतात आणि त्यांपैकी जी आधी भिडेल तिच्या वाटेने वीज उतरते. फेअरवेच्या, म्हणजे गवत कापलेल्या मोकळ्या पट्ट्याच्या, मधोमध उभा असलेला माणूस ही पुष्कळदा आसपासची सर्वांत उंच वस्तू असते. फटका मारण्यासाठी स्टिक उगारली, किंवा छत्री उघडून धरली, तर ती उंची आणखी वाढते. स्टिक खाली ठेवल्याने ही वाढीव उंची तेवढी कमी होते. माणूस मोकळ्या मैदानात उभाच राहतो.

शिवाय वीज अंगावरच पडायला हवी असे नाही. जवळपास कोठेही ती जमिनीत शिरली की हजारो अँपिअरचा प्रवाह चहूकडे पसरतो, आणि जमिनीवर दोन जागी टेकलेल्या शरीरातून तो वाट काढतो. झाडाखाली बांधलेली बैलजोडी एका विजेत गतप्राण होते आणि शेजारचा माणूस कधी कधी वाचतो, याचे एक कारण बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांतले अंतर हे आहे. गोल्फच्या इतिहासातली गाजलेली दुर्घटनाही बहुधा अशाच प्रवाहाची होती. २७ जून १९७५ रोजी शिकागोजवळच्या बटलर नॅशनल मैदानावर वेस्टर्न ओपन ही स्पर्धा चालू असताना वादळामुळे खेळ थांबला होता. ली ट्रेविनो आणि जेरी हर्ड हे नामवंत खेळाडू तेराव्या ग्रीनच्या (खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) कडेला, तळ्याजवळ बसून पाऊस ओसरण्याची वाट पाहत होते आणि ट्रेविनोची पाठ स्टिकांच्या बॅगेला टेकलेली होती. विजेचा प्रवाह त्या बॅगेतून त्याच्या पाठीत शिरला. हर्डलाही झटका बसला आणि मैदानाच्या दुसऱ्या भागात बॉबी निकोल्स हा तिसरा खेळाडू जखमी झाला. तिघेही वाचले, ट्रेविनोला मात्र पुढे पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि ते दुखणे त्याच्या मागे कायमचे लागले. विजा चमकत असताना एक नंबरची आयर्न (मारायला फार अवघड समजली जाणारी स्टिक) वर धरून चालावे, कारण ती देवालाही नीट मारता येत नाही, हा त्याच्या नावावर सांगितला जाणारा विनोद गोल्फरांच्या गप्पांत आजही ऐकू येतो. विनोद म्हणून तो फर्मास आहे, पण ट्रेविनो त्या दिवशी काहीही उगारून उभा नव्हता. तो खेळ थांबवूनही मैदानातच बसून राहिला होता, आणि यजमानांना सांगण्यासारखी गोष्ट नेमकी हीच आहे.

प्रश्न : मग आडोसा कोठे घ्यावा? आमच्या मैदानावर मोठी झाडे आहेत, पाणी पिण्यासाठी उघड्या शेड आहेत, आणि गोल्फ कार्टला छप्परही असते.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण लिहिलेल्या तिन्ही जागा पावसापासून वाचवतील, विजेपासून नाही. झाड तर सर्वांत वाईट. ओल्या खोडापेक्षा माणसाच्या शरीरातून विजेला सोपी वाट मिळते, त्यामुळे झाडावर उतरलेली वीज खोड सोडून शेजारी उभ्या असलेल्याच्या अंगावर उडी घेते. १९९१ साली अमेरिकेतील मिनेसोटाच्या हेझल्टिन मैदानावर यूएस ओपन ही गोल्फ स्पर्धा पाहायला आलेले सहा प्रेक्षक वादळात एका झाडाखाली थांबले होते. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंडियानातील पीजीए चॅम्पियनशिपच्या वेळी आणखी एक प्रेक्षक वीज पडून दगावला, तोही खेळ थांबल्यानंतर गाडीकडे जात असताना. २०१९ मध्ये अटलांटाच्या ईस्ट लेक मैदानावरही खेळ थांबवल्यावर झाडावर वीज पडली आणि उडालेल्या ढलप्यांनी व तुकड्यांनी सहा जण जखमी झाले.

उघड्या शेडवर रीतसर लायटनिंग अरेस्टर (वीज सुरक्षितपणे जमिनीत नेणारी जोडणी) बसवलेला नसेल, तर तिचे छप्पर केवळ पावसाचे समजावे. गोल्फ कार्टचे छप्पर बहुधा प्लास्टिकचे किंवा फायबरचे आणि बाजू उघड्या असतात, तेव्हा तिचा उपयोग एवढाच की क्लबहाऊस लवकर गाठता येते. काचा वर केलेली, पत्र्याच्या टपाची मोटार मात्र खरोखर सुरक्षित असते. वीज पत्र्याच्या बाहेरून जमिनीत जाते. तिच्या टायरच्या रबराला लोक त्याचे श्रेय देतात, ते चुकीचे आहे. वीज ढगापासून कित्येक किलोमीटर हवा भेदून आलेली असते. चार बोटे रबर तिला अडवत नाही, आणि बुटाचा तळवा तर नाहीच नाही. वायरिंग आणि नळाची जोडणी असलेली पक्की इमारत ही सर्वांत चांगली जागा होय.

यापैकी काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे, असे पूर्वी शिकवले जाई. त्याने धोका थोडासा कमी होत असेल, परंतु ती सुरक्षित जागा नव्हे, आणि बसण्यात जाणारा वेळ चालण्यात घालवलेला बरा. टेकाड, तळ्याचा काठ आणि एकटे झाड टाळून, बॅग तेथेच टाकून, एकमेकांत अंतर ठेवून निघावे.

प्रश्न : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजायचे, त्याआधी आवाज आला तरच थांबायचे, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. हे पुरेसे आहे का? आणि स्पर्धेत स्वतःहून मैदान सोडले तर बाद करतील का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : ध्वनी एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद घेतो, म्हणजे तीस सेकंदांचे अंतर सुमारे दहा किलोमीटर. हे गणित बरोबर आहे. अडचण अशी की ताशी तीस-चाळीस किलोमीटरने सरकणारे वादळ ते अंतर पंधरा-वीस मिनिटांत कापते, आणि मैदानाच्या टोकाच्या होलपासून (चेंडू ज्यात घालायचा त्या खळग्यापासून) क्लबहाऊसपर्यंत चालत यायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यातून पुढची वीज आधीच्या विजेच्या जागीच पडेल असेही नाही. पावसाच्या पट्ट्याबाहेर, डोक्यावर उघडे आकाश असतानाही ती पडू शकते. म्हणून आकडे मोजत न बसता पहिला गडगडाट ऐकताच निघावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतू नये, हा नियम पाळावा. गोल्फमध्ये अवघड जाते ते हेच. चार तासांच्या फेरीत दोनच होल उरलेले असतात, चेंडू ग्रीनवर असतो, आणि ‘एवढा पट (चेंडू होलमध्ये ढकलण्याचा हलका फटका) मारून निघू’ असे चौघांपैकी एकजण म्हणतोच.

नियमांची मात्र भीती बाळगू नका. गोल्फच्या नियम ५.७ नुसार विजेचा धोका आहे असे खेळाडूला रास्तपणे वाटत असेल, तर स्पर्धेच्या समितीची वाट न पाहता तो खेळ थांबवू शकतो. त्याने ते समितीला लवकरात लवकर कळवावे, इतकेच. उलट भोंग्याचा एक लांब सूर वाजवून समितीने तातडीने खेळ थांबवल्यावर जो आणखी एक फटका मारतो, तो स्पर्धेतून बाद होऊ शकतो. लागोपाठ तीन सूर म्हणजे साधी स्थगिती. तेव्हा चालू असलेला होल पूर्ण करण्याची मुभा असते. खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी दोन आखूड सूर वाजवतात. चेंडूच्या जागी खूण करून तो उचलता येतो, त्यामुळे चेंडू तेथेच राहिला ही सबबही उरत नाही.

प्रश्न : माझा जन्म पायाळू आहे. आई मला गडगडाटात उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे. आता मुलगा गोल्फ शिकतो आहे, तोही पायाळू.
– एक वाचक, सांगली

उत्तर : पायाळू माणसावर वीज पडते या समजुतीला कोणताही आधार नाही. गडगडाटात बाहेर जाऊ न देण्याचा आईंचा शिरस्ता मात्र मुलाच्या बाबतीतही चालू ठेवा, आणि त्याच्या पायाळू नसलेल्या मित्रांनाही लागू करा.

प्रश्न : आमचा मुलगा फ्लोरिडात टॅम्पाला असतो आणि शनिवार-रविवार गोल्फ खेळतो. अमेरिकेत विजेने सर्वाधिक माणसे गोल्फच्या मैदानावरच मरतात, हे खरे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या गेल्या काही वर्षांच्या नोंदींत मासेमारी करताना वीज पडून मेलेल्यांची संख्या गोल्फपेक्षा कितीतरी अधिक आहे. याचे श्रेय बऱ्याच अंशी सावधगिरीला द्यावे लागेल, कारण तेथील अनेक मैदानांवर इशारा देणारी यंत्रे व भोंगे आहेत आणि मोठ्या व्यावसायिक स्पर्धांबरोबर हवामानतज्ज्ञही हिंडतात. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी गडगडाटी वादळे जवळजवळ नित्याचीच असल्याने मुलाने सकाळची वेळ घ्यावी. भारतात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि त्यांत शेतात काम करणारे बहुसंख्य असतात. तिथे भोंगा नसतो.

प्रश्न : कोणावर वीज पडलीच तर त्याला हात लावावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लगेच लावावा. शरीरात वीज साठून राहत नाही. एकाच वेळी अनेक जण पडले असतील, तर कण्हणाऱ्याआधी निपचित पडलेल्याकडे जावे, कारण ज्याचा श्वास चालू आहे तो बहुधा वाचतो, आणि ज्याचे हृदय थांबले आहे तोही वेळीच छाती दाबली तर वाचू शकतो. एकाने १०८ वर फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मध्यावर मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, प्रौढ माणसाच्या बाबतीत पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. वादळ अजून डोक्यावर असेल तर जखमीला शक्य तितक्या लवकर आडोशाला हलवणेही आवश्यक आहे. वाचलेल्यांना पुढे कानाचे पडदे फाटणे, स्मरण कमी होणे, हातापायांना मुंग्या येणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून ‘काही झाले नाही’ म्हणणाऱ्यालाही दवाखान्यात न्यावे.

प्रश्न : मी एका क्लबच्या समितीवर आहे. सभासदांना सूचना देऊन झाल्या. आणखी काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आलेल्या पत्रांपैकी एकाही पत्रात कॅडी (खेळाडूची बॅग वाहून नेणारा) आणि माळी यांचा उल्लेख नव्हता, म्हणून आपल्या प्रश्नाचा आधार घेऊन लिहितो. सभासद आठवड्यातून दोन-तीन सकाळी मैदानावर असतो. कॅडी आणि माळी रोज, आणि वळीव उठतो त्या दुपारच्या वेळीही असतात. खेळ थांबवायचा की नाही हे कॅडी ठरवत नाही. साहेब चालत राहिले की बॅग खांद्याला लावून त्यालाही मागे जावे लागते. तेव्हा भोंगा वाजवण्याचा अधिकार कार्यालयात बसलेल्या सचिवाकडेच न ठेवता मैदानावरच्या मुकादमालाही द्यावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातील विजांची माहिती देते. ते मुकादमाच्या फोनवर असावे. दूरच्या होलजवळच्या एक-दोन शेडना लायटनिंग अरेस्टर बसवून त्यांवर तसा फलक लावावा, आणि एप्रिल-मेमधल्या स्पर्धा दुपारच्या आत संपतील अशा बेताने सकाळी लवकर सुरू कराव्यात. कॅडीला फेरीमागे पैसे मिळतात, त्यामुळे खेळ अर्धवट सुटण्यात त्याचेच नुकसान असते आणि तोही ‘अजून थोडे खेळू या, साहेब’ म्हणतो. विजेमुळे थांबलेल्या फेरीचेही कॅडीला पूर्ण पैसे द्यायचे, असा ठराव पुढच्या बैठकीत करून घ्यावा आणि तो कॅडींच्या खोलीबाहेर मराठीत लावावा.