मुलाला अभ्यासाचे गेम बनवायचेत, मग शिकवायचं काय?

नमस्कार ताई, भांडुपहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा अकरावी सायन्सला, क्लासवरून आला की लॅपटॉपवर छोटे छोटे गेम बनवत बसतो, म्हणतो शाळेतल्या मुलांसाठी गेम बनवणाऱ्या रिसर्च टीममध्येच जायचं, आणि त्याचे बाबा म्हणतात आधी कम्प्युटर इंजिनिअरिंग कर मग बघू. यात करिअर आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे ताई, पण अशा टीममध्ये कोण कोण असतं ते आधी समजून घ्या.

कोडिंगवाला असतोच, पण त्याच्या जोडीला डिझायनर, विषयाचा शिक्षक आणि मुलं शिकतात कशी याचा अभ्यास केलेला माणूस लागतो, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड काम या शेवटच्याचं. समजा अपूर्णांकांचा गेम आहे, १/३ मोठा की १/४, बरोबर बटण दाबलं की नाणी. पाचवीतली मुलगी धडाधड नाणी जमवते, सगळे खूश. मग तोच प्रश्न कागदावर द्या, ती १/४ मोठा म्हणते, कारण ४ मोठा ना! गेममध्ये तिने एवढंच हेरलेलं असतं की चुकलं तर दुसरं बटण दाबायचं, नाणी मिळतातच. हे पकडायचं, गेम बदलायचा, परत मुलांपुढे ठेवायचा, खेळायच्या आधी आणि नंतर चाचणी घेऊन फरक बघायचा, रिसर्च म्हणतात तो हाच. अमेरिकेत १९७१ साली इतिहासाच्या तासासाठी 'ओरेगॉन ट्रेल' हा गेम केला तो शिक्षक होऊ घातलेल्या तीन तरुणांनी, एकाचा विषय इतिहास आणि दोघांचा गणित.

मुंबईत राहता हे तुमचं नशीबच म्हणा. पवईला आयआयटीत आयडीसी स्कूल ऑफ डिझाईन आहे, तिथे बारावीनंतर यूसीड ही डिझाईनची प्रवेश परीक्षा देऊन बी.डेस. म्हणजे डिझाईनची पदवी करता येते, कुठल्याही शाखेतून चालतं. आयआयटीतच एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत, म्हणजे शिकण्या-शिकवण्यासाठीच्या तंत्रज्ञानात, पीएचडी होते आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान शिक्षणात. बाबांचं इंजिनिअरिंगही चुकीचं नाही, पुढे या बाजूला वळता येतं, फक्त त्याचा कल कोडिंगकडे जास्त की गेमची कल्पना रचण्याकडे हे त्यालाच विचारा ना.

पैशाचं स्पष्टच सांगते. रिसर्च टीममधल्या बऱ्याच जागा प्रोजेक्टवर असतात, निधी संपला की कॉन्ट्रॅक्ट संपतं, पगारही आयटी कंपनीसारखा धरू नका. पण हीच कामं येणाऱ्याला गेम स्टुडिओत आणि शिक्षणाच्या ॲप कंपन्यांतही विचारतात, त्यामुळे अगदीच अडून राहत नाही.

सध्या एवढं करा, दिवाळीच्या सुट्टीत त्याला गणितातली एकच कल्पना घेऊन गेम करू दे, गोडो इंजिन हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि बिल्डिंगमधल्या चार-पाच मुलांना खेळायला देऊन त्याने मध्ये अजिबात न बोलता बघत बसायचं, कुठे अडतात, कुठे नुसती बटणं दाबतात ते वहीत लिहायचं. हे करताना तो कंटाळला नाही तर बारावीच्या वर्षात सीईटीसोबत यूसीडचाही फॉर्म भरा, परीक्षा जानेवारीत असते आणि त्यात चित्रकलेचाही भाग असतो, त्याची तयारी आत्तापासून लागेल.