एकाच नावाचे दोन आजोबा

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. गाव निफाड तालुक्यातलं, पणजोबांच्या मागे काही ठाऊक नाही, एका मोडी कागदावर ‘सन १२८८, म्हादू बिन गणू’ (म्हणजे गणूचा मुलगा म्हादू) असं वाचून घेतलंय. हाच आमचा म्हादू का, आणि पैसे न भरता इंटरनेटवर आणखी काय मिळेल, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पहिल्यापायी माझी सहा वर्षं गेली.

घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ट्रंक उघडा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्ही केलंच असणार.

आधी सोपं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आजचा सातबारा दिसतो, आपल्याला हवा जुना. त्यासाठी ‘आपले अभिलेख’ हे दुसरं सरकारी संकेतस्थळ बघा. जुने सातबारे, फेरफार, काही गावांची जन्ममृत्यूची पानंसुद्धा स्कॅन केलेली आहेत. मात्र आजचा गट नंबर टाकून जुनं पान उघडत नाही. गट आले जमिनींच्या एकत्रीकरणानंतर, त्याआधी सर्व्हे नंबर होते. जुना नंबर तलाठ्याकडून नाहीतर भाऊबंदांकडून आधी काढून घ्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध झाला तेव्हा कोतवाल बुकांची (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्यांची) बरीच पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली, तीही फुकट आहेत. तिथे बाळाचं नाव बऱ्याचदा नसतं, बापाचं असतं. म्हणून शोध बापाच्या नावाने घ्या. (जात पडताळणीसाठी शोधत असाल तर माझ्या भरवशावर राहू नका, मी वकील नाही.)

नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं इंग्रजी गॅझेटियर इंटरनेट अर्काइव्हवर आहे. त्यात पूर्वजांचं नाव मिळणार नाही, पण गाव कळतं. एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात ठेवा. नाशिक जिल्हा झाला १८६९ साली. त्याआधी तुमचं निफाड आणि आमचं चांदवड अहमदनगरकडे होतं, मालेगाव-बागलाण खानदेशात. त्याच्या मागचं काही नुसतं ‘नाशिक’ टाकून शोधलंत तर हाती भोपळा. इंग्रजीतही जुनी स्पेलिंगं घाला: नाशिकमधला एच काढा, चांदवडचं ‘चांदोर’ करा.

फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ फुकट आहे, खातं काढावं लागतं. हरिद्वारचे पंडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवतात, त्या वह्यांची छायाचित्रं तिथे आहेत, पण आपली माणसं हरिद्वारला कितीशी गेली? कुलवृत्तांताची, म्हणजे घराण्यांच्या इतिहासाची, जुनी पुस्तकं स्कॅन होऊन पडलेली असतात, आडनाव टाकून बघा. जनगणनेत आजोबा शोधू नका, माणसागणिक माहिती कायद्यानेच गोपनीय असते.

आता माझी चूक. माझ्या हाती दोन कागद आले. एक फसली (जुना महसुली सन) १२७९ चा, त्यात ‘सखाराम बिन तुकाराम’. दुसरा १९२४ चा फेरफार, ‘सखाराम बिन तुकाराम मयत’. गाव तेच, जमीन तीच. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे पहिला कागद १८६९ चा. मी हिशोब केला: तेव्हा पंचविशीचा, गेला ऐंशीचा. शेतकरी माणूस, काटक असणार! झाला माझा पणजोबा. आनंदाच्या भरात फॅमिलीसर्चच्या झाडावर (वंशवृक्षावर) चढवूनही टाकला. ते झाड सगळ्यांचं एकच असतं. मुंबईच्या चुलतभावाने आणि आणखी दोघांनी ते उतरवूनही घेतलं.

आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याच आजोबांचं नाव तुकाराम! सखारामाचा तुकाराम, तुकारामाचा सखाराम, असं रहाटगाडगं. ‘सखाराम बिन तुकाराम’ दर दोन पिढ्यांनी पुन्हा उगवणार, हे दिसत असून दिसलं नाही.

मधल्या काळात येवल्याकडच्या एका गृहस्थांनी मला कळवलं, ‘तुमचा सखाराम आमच्या पणजोबांचा थोरला भाऊ, तो दुष्काळाच्या सालात वारला.’ मी त्यांना लिहिलं की तुमची वंशावळ चुकली आहे, फेरफार बघा. वर तारखा वगैरे देऊन. त्यांनी पुन्हा लिहिलं नाही.

मग वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकच्या रामकुंडावर गेलो. आमच्या उपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि चांदवडचा लांबट चोपडा काढला. काळपट शाई, पानाच्या कडा कुरतडलेल्या. त्यात शके १७९९ ची नोंद: तुकाराम बिन सखाराम, वडील सखाराम यांच्या अस्थी घेऊन आले. शकात ७८ मिळवा. १८७७. म्हणजे जो १८७७ ला वारला त्याला मी १९२४ पर्यंत जगवला होता आणि मधला तुकाराम गिळून टाकला होता. दोन पिढ्या गायब.

त्या गृहस्थांना शोधत गेलो. ते राहिले नव्हते. घरात मोडी कागदांचं एक बाड होतं, सूनबाई म्हणाल्या, घर रंगवताना रद्दीत गेलं.

म्हणून माझं मत ठाम आहे, कोणाला पटो न पटो: नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरूच नका. दोन्ही कागदांत बायको, भाऊ, सर्व्हे नंबर यातलं काहीतरी जुळायला हवं. आणि झाडावर चढवायची घाई तर अजिबात नको.

कार्यालयांचं काय बोलावं. एका ठिकाणी जुन्या रजिस्टरची नक्कल मागितली तर वारस असल्याचा पुरावा आणा म्हणाले. तो पुरावा त्याच रजिस्टरात होता! चार चकरा, एक बडतर्फ झालेली झेरॉक्स मशीन आणि ‘साहेब मीटिंगला’. असो.

रामकुंडावर जाल तेव्हा आजीचं माहेरचं गावही विचारून जा. आपल्या वंशावळीत बायका नसतातच, आणि लग्नात नावही बदललेलं असतं, पण चोपड्यात कधीकधी ‘मातोश्री अमुक’ असं मिळून जातं. दक्षिणा यथाशक्ती. फोटो काढण्याआधी विचारा.

तुमच्या कागदावर ‘सन १२८८’ च्या पुढे ‘फसली’ शब्द आहे का ते बघा. असेल तर १८७८-७९ धरा. नसेल तर आकड्यावर जाऊ नका, मोडी जाणणाऱ्याकडून पूर्ण ओळ वाचून घ्या, कारण जुन्या कागदांत सुहूर नावाचा वेगळा सनही असतो. त्यात ५९९-६०० मिळवायचे असतात, फसलीपेक्षा नऊ वर्षांचा फरक पडतो. आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव गणूच होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं, तेही कळवा.