परदेशातल्या कानसेनांचे प्रश्न

या वेळी बरीच पत्रं बाहेरच्या देशांतून, नाहीतर तिकडे जायला निघालेल्या लोकांकडून आलीत, म्हणून ती सगळी एकत्रच घेतो. बाकीच्यांना पुढच्या अंकात.

प्रश्न: काका, मी मूळची गिरगावची, नोकरीमुळे आता जर्मनीत हॅनोव्हरला राहते. मुंबईत ऑफिस सुटलं की कुठे ना कुठे गाणं ऐकायला मिळायचं, इथे एखादी बॉलिवूड नाइट सोडली तर आपलं असं काहीच नाहीये. हेडफोन लावून किती ऐकणार? शिवाय गिरगावच्या घरी आजोबांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्ड्स आहेत, त्या इकडे आणू का? आई म्हणते फुटतील.
(एक वाचक, हॅनोव्हर)

उत्तर: अगं, "आपलं असं काहीच नाहीये" हे वाचलं आणि राहवेना, कारण आपल्याकडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स जिथे छापल्या गेल्या त्याच गावात तू राहतेयस! सपाट तबकडीवर आवाज धरणारा एमिल बर्लिनर हा हॅनोव्हरचाच, जन्म १८५१ चा, तरुणपणी अमेरिकेला गेला, १८८७ मध्ये ग्रामोफोनचं पेटंट घेतलं आणि १८९८ मध्ये भावाला हाताशी धरून हॅनोव्हरलाच डॉइच ग्रामोफोन कंपनी काढली. आता १९०२ सालात ये. फ्रेड गाइसबर्ग नावाचा रेकॉर्डिंगवाला कलकत्त्याला येतो, हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडतो, आणि नोव्हेंबर महिन्यात गौहर जान ही गायिका त्या भोंग्यासमोर उभी राहून गाते. जो ख्याल बैठकीत तासभर चालायचा तो तिने जेमतेम तीन मिनिटांत बसवला, आणि तोसुद्धा असा की ऐकणाऱ्याला काही राहून गेलंय असं वाटू नये, हे किती अवघड आहे ते गाणाऱ्यालाच विचार. मग ती ध्वनिमुद्रणं बोटीने गेली ती थेट हॅनोव्हरला, कारण आपल्याकडे तबकडी छापायची सोयच नव्हती, कलकत्त्यात सियालदाहला फॅक्टरी निघाली ती १९०८ मध्ये.

त्या रेकॉर्ड्स ऐकल्या असशील तर शेवटी ती चक्क इंग्रजीत "माय नेम इज गौहर जान" असं खणखणीत सांगते ते आठवेल. लोकांना तो तोरा वाटतो. पण ते नाव होतं तुझ्या हॅनोव्हरच्या कारागिरांसाठी, त्यांना ना हिंदुस्थानी कळत होतं ना गाणारी कोण ते माहीत होतं, तबकडीवर लेबल बरोबर लागावं म्हणून गाणं संपलं की नाव सांगायची पद्धत पडली. म्हणजे सगळ्यात आधी ते नाव ऐकलं असेल ते तुझ्या गावातल्या कुणा कामगाराने, मला तर हे नुसतं लिहितानाही भरून येतं. आणि तबकडी बनायची ती लाखेची, लाख मुख्यतः जायची आपल्याच देशातून, छोटा नागपूरकडच्या जंगलांतून. आपली लाख आणि आपला आवाज दोन्ही तिकडे जायचं आणि तबकडी होऊन परत यायचं.

तेव्हा एक रविवार काढ आणि पोडबिएल्स्कीश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर त्या कंपनीची जुनी फॅक्टरी आहे तिथे जाऊन ये. गौहर जानच्या तबकड्या छापल्या गेल्या तेव्हाचीच ही इमारत असं मी म्हणत नाहीये, पण कंपनी तीच. पुढे त्याच घराण्यातल्या कंपनीच्या फॅक्टरीत, हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेनला, १७ ऑगस्ट १९८२ रोजी जगातली पहिली सीडी छापून बाहेर पडली, म्हणजे तबकडीपासून सीडीपर्यंतचा सगळा प्रवास तुझ्या घराच्या आसपासचा आहे. आपल्याकडच्या लोकांना दुःख एकच, भास्करबुवा बखले ह्या थोर गवयाचा आवाज कुणीच धरून ठेवला नाही, ते गेले १९२२ मध्ये, तोवर रेकॉर्डिंग येऊन वीस वर्षं झाली होती, तरीही.

आता हेडफोनचं. हेडफोन काढ आणि तिथलं गाणं ऐकायला बाहेर पड. हॅनोव्हरला संगीताचं विद्यापीठ आहे, तिथल्या मुलांचे कार्यक्रम होत असतात, बरेचसे फुकट, आणि शिकणारा मुलगा मन लावून वाजवतो तेव्हा तो ऐकण्यासारखाच असतो. युनेस्कोने २०१४ मध्ये हॅनोव्हरला संगीतनगरी ठरवलंय ते उगाच नाही. मग एकदा ट्रेनने लाइपझिगला जा, तिथलं थॉमसकिर्शे हे चर्च बघ. थोर जर्मन संगीतकार बाख १७२३ पासून १७५० ला जाईपर्यंत तिथे नोकरीला होता, रविवारसाठी संगीत लिहून मुलांकडून गाऊन घ्यायचं हे काम, सुरुवातीची काही वर्षं तर जवळजवळ दर रविवारी नवीन, आणि त्याची समाधीही आता तिथेच आहे, १९५० मध्ये दुसऱ्या चर्चमधून आणून ठेवलेली. त्या चर्चची मुलं अजूनही शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी गातात, सुट्ट्या सोडून, तेव्हा आधी वेळापत्रक बघून जा. फुलं वाहायची तर वाहा, पण खरा नमस्कार म्हणजे ती मुलं गात असताना बाकावर बसून ऐकणं. ऐकताना राग शोधू नकोस, स्वतःला त्रास होईल. सगळ्यात खालचा सूर धर, ऑर्गनचा पायाने वाजवायचा भाग असतो तो, आपण तानपुऱ्याचा षड्ज कानात ठेवून बसतो तसाच तो कानात ठेव आणि वरचं आपोआप उलगडू दे. आपला कान षड्जावर तयार झालेला आहे, तो तिकडेही कामाला येतो.

रेकॉर्ड्स मात्र आणू नकोस, आई बरोबर बोलतेय. लाखेची तबकडी पडली की गेलीच. आधी मुंबईतच त्यांचं डिजिटल करून घे, इथे १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या रेकॉर्डवाल्यांची संस्था आहे, जाणकार माणसं भेटतील. काही गोष्टी आईला आजच फोन करून सांग. तबकड्या आडव्या एकावर एक रचायच्या नाहीत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या. स्पिरिटने तर चुकूनही पुसायच्या नाहीत, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, एका पुसण्यात गाणं जाईल. एलपीची सुई लावायची नाही, ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची खाच रुंद असते, तिची सुई वेगळी मिळते. आणि डिजिटल करणाऱ्याला सांग की अगदी जुन्या तबकड्या सगळ्याच काही बरोबर ७८ च्या वेगाने घेतलेल्या नाहीत, वेग चुकला की गाणारा अर्ध्या-एका सुराने वर चढतो आणि भारदस्त आवाजाची बाई कोवळी पोर वाटायला लागते, तेव्हा पेटीवर सूर लावून वेग ठरवायचा.

प्रश्न: आम्ही दोघं जुलै-ऑगस्टमध्ये लंडनला मुलाकडे जातोय. मुलगा म्हणतो लंडन आय, राजवाडा वगैरे दाखवतो. आम्हाला दोघांनाही गाण्याचं वेड, ह्यांना जुनी हिंदी गाणी आणि मला शास्त्रीय. काय बघावं?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: ताई, अगदी योग्य वेळेला जाताय, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथे प्रॉम्स, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफिली असतात. १८९५ पासून चालू आहेत, आधी क्वीन्स हॉलमध्ये व्हायच्या, युद्धात १९४१ मध्ये तो हॉल बॉम्बने गेला तेव्हापासून रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून ऐकायचं तिकीट त्याच दिवशी स्वस्तात मिळतं, पण दोन तास उभं राहायला लागतं, गुडघ्यांचा विचार करून ठरवा, नाहीतर वरच्या बाजूची बसायची तिकिटं आधीच काढा. आणि तुमच्या ह्यांना सांगा, १९७४ मध्ये लताबाई परदेशात पहिल्यांदा गायल्या त्या ह्याच हॉलमध्ये, ओळख करून द्यायला उभे होते दिलीपकुमार. तेवढ्यासाठी तरी आत जाऊन या.

दुसरं ठिकाण ब्रूक स्ट्रीट. २५ नंबरात हँडल हा जुना संगीतकार १७२३ पासून शेवटपर्यंत राहिला, आणि भिंतीला भिंत लागून २३ नंबरात वरच्या मजल्यावर रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स राहायचा, १९६८-६९ मध्ये. आता दोन्ही मिळून एक संग्रहालय आहे, मुलालाही आवडेल.

बीटल्स ह्या इंग्लिश बँडमुळे गाजलेल्या अॅबी रोडच्या झेब्रा क्रॉसिंगवर सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढा, पण मुंबईकर म्हणून एक गोष्ट मनात ठेवून काढा. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला होता, फोर्टात एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याच वादकांना घेऊन त्याने रेकॉर्डिंग केलं, आणि त्यातल्या एका गाण्याची नुसती वाद्यं इथे वाजली, शब्द त्याने फेब्रुवारीत जाऊन गायले ते अॅबी रोडच्या स्टुडिओत. 'द इनर लाइट' नाव गाण्याचं. एका गाण्याचा अर्धा भाग फोर्टातला आणि अर्धा तिथला, हे मुलाला नक्की सांगा, मुंबईत वाढलेल्या पोरांना माहीत नसतं.

तुमच्या शास्त्रीयासाठी वेस्ट केन्सिंग्टनला भारतीय विद्या भवन आहे, लंडनमध्ये ही संस्था १९७२ पासून आहे, तिथे वर्गही चालतात आणि मैफिलीही होतात. भारतीय शास्त्रीय संगीताचा दरबार फेस्टिव्हल मात्र शरद ऋतूत असतो, तुमच्या वेळेत बसणार नाही, पण मुलाला पाठवा. एका तबलाशिक्षकाच्या स्मरणार्थ त्यांच्या घरच्यांनी २००६ मध्ये लेस्टरला सुरू केलेला तो उत्सव आज लंडनमधल्या मोठ्या हॉलमध्ये होतो, माणूस गेल्यावर त्याच्यासाठी काय करावं ह्याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीतली काही मराठी कुटुंबं डिसेंबरमध्ये झाकीर हुसेन यांच्यासाठी घरगुती श्रद्धांजलीचा कार्यक्रम करतोय. व्हिडिओ क्लिप्स, थोडी भाषणं, कराओके आणि पॉटलक असा बेत आहे. काही सुचवाल का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: मनापासून सांगतो, राग मानू नका, कराओके काढून टाका आणि जेवण ऐकणं संपल्यावर ठेवा. झाकीरभाई लग्नात, खासगी पार्टीत, कॉर्पोरेट जेवणावळीत वाजवत नसत, तिथे लोक खायला-प्यायला आलेले असतात, ऐकायला नाही, हे त्यांनी मुलाखतींतून स्पष्ट सांगितलेलं आहे. त्यांच्याच नावाच्या कार्यक्रमात तबल्याबरोबर समोसे फिरणार असतील तर तो कार्यक्रम त्यांचा राहत नाही. दीड तास सगळ्यांनी खाली सतरंजीवर बसायचं, फोन बाहेरच्या खोलीत, मग गप्पा आणि जेवण हवं तेवढं.

ऐकायचं काय ते सांगतो. आधी त्यांचा एक तीनतालातला सोलो, पूर्ण, पेशकारापासून, म्हणजे सुरुवातीच्या संथ भागापासून, मधून तोडायचा नाही, आणि मुलांना समोर बसवून हाताने ताल धरायला लावा, लेहरा, म्हणजे मागे फिरून फिरून वाजणारी धून, चालू असतोच, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते पोरं पटकन पकडतात आणि एकदा पकडली की सोडत नाहीत. मग साथ ऐका, शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबरची, कारण सोलोत तर सगळेच बघतात, पण समोरच्याला पुढे करून आपण किती कमी वाजवायचं हे ते साथीला बसले की कळतं. शेवटी त्यांच्या शक्ती ह्या बँडचं सत्तरच्या दशकातलं काहीतरी लावा, जॉन मॅक्लॉफलिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामचा घटम. ह्याच शक्तीच्या नव्या आल्बमसकट त्यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाली, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले.

आणि तुम्ही न्यू यॉर्कच्या इतके जवळ आहात तर एक छोटी सहल जोडा. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १ ऑगस्ट १९७१ ला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कॉन्सर्ट झाली, रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखाँसाहेब, म्हणजे झाकीरभाईंचे अब्बाजी. ह्या मंडळींनी नुसती वाद्यं जुळवली तर लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यावर रविशंकर म्हणाले की सूर लावणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल. आज आत बास्केटबॉल चालतो, आत गेलं नाही तरी चालेल, बाहेर उभं राहून ते रेकॉर्डिंग मुलांना ऐकवा.

एखादा तबला शिकणारा मुलगा किंवा मुलगी तुमच्यात असेल तर त्याला दहा मिनिटं वाजवू द्या. चुकला तरी चालेल, क्लिपपेक्षा ते शंभरपटीने बरं.

प्रश्न: जानेवारी-फेब्रुवारीत दोन-तीन आठवडे मुंबईला येतोय, बऱ्याच वर्षांनी. प्रत्यक्ष गाणं ऐकायचंय, पूर्वीसारख्या रात्रभराच्या मैफिली असतात का अजून?
(एक वाचक, सिडनी)

उत्तर: रात्रभराच्या जवळजवळ संपल्याच, लाऊडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहे, त्यामुळे उघड्यावर तर शक्यच नाही आणि दरबारी, मालकंस हे मध्यरात्रीचे राग आता साडेआठलाच ऐकायला लागतात. माझा सल्ला असा की संध्याकाळचा हट्ट सोडा आणि पहाटेचं शोधा, सकाळचे राग अजून त्यांच्या वेळेवर ऐकायला मिळतात, ललत ऐकायचा तर उजाडतानाच. ३ फेब्रुवारी मोकळी ठेवा, अल्लारखाँसाहेब २००० साली त्या तारखेला गेले आणि त्यांच्यासाठी मुंबईत त्या दिवशी भल्या सकाळपासून कार्यक्रम होत आलाय, षण्मुखानंदमध्ये मी तो ऐकलाय, यंदाचं ठिकाण आणि वेळ आल्यावर बघून घ्या. जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो, तिथे गर्दी फार, पण गाण्याचे कार्यक्रम असतात. गिरगावचं ऑपेरा हाऊस २०१६ पासून पुन्हा चालू झालंय, तुम्ही गेलात तेव्हा बंद असेल, तिथे काही असलं तर नक्की जा. ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान शोधत मात्र फिरू नका, ते २०१६ मध्येच बंद झालं. पार्ल्याला दीनानाथमध्ये, प्रभादेवीला रवींद्रमध्ये काय आहे ते नाट्यगृहाच्या दारावरच्या बोर्डावर वाचा, छोट्या मंडळांच्या कार्यक्रमांची खबर अजून तिथेच मिळते, आणि विमानाची झोप पूर्ण व्हायच्या आधीच्या पहिल्या दोन दिवसांत कुठलंच तिकीट काढू नका.