रिझर्व्ह टीममध्ये निवड झाली, पण खेळायला मिळेल का?

प्रश्न : माझा मुलगा बारावी कॉमर्सला आहे. येत्या डिसेंबरात अठरा पूर्ण करेल. तो गोलकीपर आहे. गोव्यातल्या एका व्यावसायिक क्लबने ट्रायलनंतर त्याला घ्यायचं ठरवलं आहे, पण मुख्य संघात नाही, रिझर्व्ह टीममध्ये. ही टीम तिथल्या स्थानिक लीगमध्ये खेळते. राहणं-जेवण क्लबकडे, करार तीन वर्षांचा, पैशांचं 'नंतर बघू' म्हणाले. त्याच लीगमधला एक गावचा क्लब त्याला थेट पहिला गोलकीपर म्हणून बोलावतो आहे, महिन्याला थोडे पैसेही देईल. नातेवाईक म्हणतात, बडोद्याचा मुलगा आणि फुटबॉल? मुलगा म्हणतो, मोठा क्लब तो मोठा क्लब. त्याची आई विचारते, बी.कॉम.चं काय? रिझर्व्ह टीम म्हणजे पुढे जाणं की बाजूला बसणं, हेच मला कळेनासं झालं आहे.
– एक पालक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर :

नातेवाइकांचं आधी उरकून टाकतो. बडोद्यात फुटबॉलचं नवल वाटतं ते क्रिकेटमुळे. बडोद्याला स्वतःचा रणजी संघ आहे, २०००-०१ मध्ये त्याने रणजी करंडक जिंकलाही होता. त्यामुळे आपल्याकडे बॅट धरणाऱ्या मुलाला घर न सोडता बरंच वर जाता येतं, आणि अशी मुलं आपण आपल्याच गल्ल्यांतून जाताना पाहिली आहेत. फुटबॉलला ती सोय नाही. गुजरातचा एकही क्लब आज आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, नाही. तेव्हा तुमच्या मुलाला कधी ना कधी गाडीत बसावं लागणारच होतं. ती वेळ सतराव्या वर्षी आली, एवढंच.

आता लीगबद्दल. 'स्थानिक' म्हटल्यावर उन्हाळी सुटीतली गल्लीची स्पर्धा डोळ्यांपुढे आणू नका. कोलकात्याची लीग १८९८ पासून चालू आहे, आयएसएल २०१४ ची. जुलै २०२५ मध्ये आयएसएलच्या आयोजकांनी पुढचा हंगाम थांबवून ठेवला, पुढे काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही रोखले, तेव्हा कोलकात्याच्या लीगचे सामने मात्र सुरू होते. व्यावसायिक क्लब आपले दुसरे संघ अशा लीगमध्ये उतरवतात आणि ते नुसती हजेरी लावायला येत नाहीत. एफसी गोवाच्या दुसऱ्या संघाने २०१८-१९ ची गोवा प्रोफेशनल लीग जिंकली. केरळ ब्लास्टर्सच्या रिझर्व्ह संघाने २०१९-२० ची केरळ प्रीमियर लीग जिंकली. बेंगळुरू एफसीचा 'बी' संघही तिथल्या सुपर डिव्हिजनचा विजेता ठरला आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना आपल्याच वयाच्या मुलांविरुद्ध खेळून फारसं काही कळत नाही. तिशीतला, आय-लीगसारखी राष्ट्रीय लीग खेळून आलेला स्ट्रायकर कॉर्नरच्या वेळी अंगावर आला की कळतं. त्यासाठी क्लबांना ही लीग हवी असते. २१ वर्षांखालच्या खेळाडूंवर भर देणारी रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग २०२२ पासून आहे, ती चांगलीच आहे, पण तिथे समोरही बहुतेक मुलंच असतात.

मुलाला सांगायला एक गंमत. १९८० मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदसमोर कोण उभं होतं, तर त्यांचाच रिझर्व्ह संघ, कास्तिया! थोरल्यांनी धाकट्यांचा ६-१ असा फडशा पाडला, पण तिथपर्यंत धाकटे स्वतःच्या पायांनी पोहोचले होते.

म्हणजे रिझर्व्ह टीम कमी प्रतीची असते म्हणून नको, असं मी म्हणणार नाही. माझी काळजी वेगळी आहे, आणि ती तुमचा मुलगा गोलकीपर असल्याने जास्त आहे.

रिझर्व्ह टीमच्या कोचला लीग जिंकली तर आनंद होतो, न जिंकली तर सहसा त्याची नोकरी जात नाही. मुख्य संघाची गरज भागवणं हे त्याचं काम. मुख्य संघातला कोणी दुखापतीतून उठला की त्याला दोन सामने रिझर्व्हमधून खेळवतात. कोणाला बरेच दिवस संधी मिळाली नसेल तर त्याचा हात बसावा म्हणून खाली पाठवतात. शनिवारच्या सामन्याची टीम शीट शुक्रवारी संध्याकाळी बदलते आणि आठवडाभर घाम गाळलेला मुलगा बेंचवर बसतो. मिडफिल्डरचं त्यातल्या त्यात बरं, तो निदान शेवटच्या वीस मिनिटांसाठी तरी उतरतो. गोलकीपर बदलतात कधी? पहिल्याला लागलं किंवा रेड कार्ड मिळालं तर. व्यावसायिक क्लब मुख्य संघात साधारण तीन गोलकीपर ठेवतो. त्यातल्या तिसऱ्याला मुख्य संघात खेळायला मिळत नाही, म्हणून तो रिझर्व्हमधून खेळतो. मग रिझर्व्हचे स्वतःचे दोघं काय करतात? एक बेंचवर असतो आणि दुसरा प्रेक्षकांत.

म्हणून क्लबला फोन करून पहिलं हे विचारा : मुख्य आणि रिझर्व्ह धरून तुमच्याकडे एकूण गोलकीपर किती आहेत, त्यांची वयं काय, आणि मागच्या हंगामात लीगमध्ये रिझर्व्ह संघाकडून गोलमध्ये कोण कोण उभं राहिलं? यात लपवण्यासारखं काहीच नाही. सरळ उत्तर मिळालं तर क्लब चांगला. 'पोराला येऊ तर द्या, मग बघू' असं म्हणाले तर तेही उत्तरच आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी क्लबवर अन्याय करेन. गोलकीपर उशिरा पिकतो. सचिन सुरेश हा केरळ ब्लास्टर्सच्या रिझर्व्ह संघातून वर आलेला गोलकीपर. मुख्य संघाच्या गोलमध्ये तो नियमित उभा राहिला २०२३-२४ च्या हंगामात, वयाच्या बाविसाव्या वर्षी. सतरा ते बावीस ही वर्षं नीट घडण्याची असतात, आणि गोलकीपरला घडवायला रोज समोर उभा राहणारा गोलकीपिंग कोच लागतो. गावच्या क्लबात तो बहुधा नसतो. तिथे कोच एकच, तोच सगळं बघतो आणि गोलकीपरला 'जा, कोपऱ्यात बॉल पकडत बस' म्हणतो. शिवाय मुख्य संघाला सरावात दोन्ही बाजूंनी गोलवर फटके मारायचे असले की जादा गोलकीपर लागतात आणि रिझर्व्हच्या मुलाला बोलावणं येतं. ही संधी डिफेंडर मुलांना इतक्या सहज मिळत नाही.

दोन खेळाडूंचे रस्ते तुमच्या मुलाबरोबर बसून बघा. सहल अब्दुल समद कन्नूर विद्यापीठाकडून खेळला, मग केरळकडून संतोष करंडक (राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा), मग ब्लास्टर्सच्या रिझर्व्ह संघात आणि तिथून मुख्य संघात. २०१८-१९ मध्ये तो आयएसएलचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. लिस्टन कुलासो गोव्याचाच. साळगावकरकडून गोव्याची लीग आणि मग संतोष करंडक खेळून तो एफसी गोवाकडे गेला, पण मुख्य संघातून त्याला मोजकेच सामने मिळाले. २०२० च्या जानेवारीत त्याने क्लब बदलून हैदराबाद गाठलं, तिथे मैदानावर राहायला मिळालं, आणि २०२१ मध्ये एटीके मोहन बागानने त्याच्यासाठी सुमारे एक कोटी रुपये मोजल्याची बातमी सगळीकडे होती. एकाला रिझर्व्ह टीम लाभली, दुसऱ्याला मोठ्या क्लबातून बाहेर पडणं लाभलं. दोघांच्याही वाटेवर स्थानिक फुटबॉल आणि राज्याचा संघ आहेत, हे तुमच्या नातेवाइकांनाही दाखवा.

आता कागद. इथे मी तुमच्याशी जरा कडक बोलणार आहे, कारण ट्रायलमध्ये मुलगा निवडला गेल्याच्या आनंदात आईवडील पुढ्यात येईल त्यावर सही करतात.

फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडू म्हणजे ज्याच्याकडे लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात तो. बाकी सगळे अमॅच्युअर, म्हणजे हौशी. नुसतं राहणं-जेवण देऊन तीन वर्षांच्या कागदावर सही घेतली, तर तुमच्या मुलाचं बंधन व्यावसायिकाचं आणि हक्क अमॅच्युअरचे. हे कशाच्या बदल्यात? अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा लांब नसावा, असाही नियम आहे. म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त मुदतीचा कागद दिला आहे, आणि पैशांची जागा कोरी. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती कागदावर हवी. ती असली की आणखी एक दार उघडतं : व्यावसायिक खेळाडू दुसऱ्या क्लबाला लोनवर, म्हणजे करार तसाच ठेवून काही काळ खेळायला, देता येतो. दुसऱ्या वर्षीही तो बेंचवरच राहिला, तर हाच गावचा क्लब त्याला लोनवर घेऊ शकेल. तसं कलम आत्ताच मागा, आणि गावच्या क्लबाला नकार देतानाही गोड बोला.

दुखापतीचं कलम वाचल्याशिवाय परत येऊ नका. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर शस्त्रक्रिया कोण करणार, विमा कोणाच्या नावावर, आणि बरं होईपर्यंत मुलगा क्लबच्या होस्टेलवर राहणार की 'घरी जाऊन विश्रांती घे' म्हणून दांडिया बाजारात परतणार? क्लब बंद पडला किंवा दुसऱ्या शहरात गेला तर काय, हेही विचारा. असं होतं. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला, त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला, आणि २०२५ मध्ये हैदराबादही दिल्लीला गेला. पैसा आटला की कात्री आधी रिझर्व्ह आणि मुलांच्या संघांवर चालते, हे गृहीत धरा.

छोट्या दोन गोष्टी. एका हंगामात खेळाडूची नोंदणी फार तर तीन क्लबांकडे होऊ शकते आणि अधिकृत सामने त्यातल्या दोनच क्लबांकडून खेळता येतात. तेव्हा मधल्या काळात कोणाच्या तरी आग्रहाखातर तिसऱ्याच क्लबाच्या नावाने सामना खेळू देऊ नका. आणि त्याला घडवलं म्हणून इथलं कोणी एनओसीसाठी तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका. खेळाडूचा पहिला व्यावसायिक करार होतो तेव्हा त्याला घडवणाऱ्या क्लबांना भरपाई देण्याची रीत फुटबॉलमध्ये आहे, पण ती घेणाऱ्या क्लबाने द्यायची असते, बापाने नव्हे.

आईंचा प्रश्न शेवटी घेतला, कारण त्याचं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. 'बी.कॉम. बाहेरून करेल' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाची पदवी खरीच असते, तिला मी नावं ठेवत नाही. पण आंतरविद्यापीठ स्पर्धा कॉलेजच्या नियमित विद्यार्थ्यांसाठी असतात. रेल्वेसारख्या ठिकाणी क्रीडा कोट्यातून नोकरी मागायला गेलं की राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळल्याची, आंतरविद्यापीठ स्पर्धांची प्रमाणपत्रं बघतात. स्थानिक लीगमध्ये एखाद्या क्लबच्या रिझर्व्ह टीमकडून बेंचवर बसल्याचं प्रमाणपत्र तिथे कामाला येत नाही. म्हणून गोव्यातच नियमित कॉलेज शोधा. गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉमर्स कॉलेजं म्हापसा, पणजी, मडगाव, वास्को सगळीकडे आहेत. सराव कुठे आणि किती वाजता ते क्लबकडून लिहून घ्या आणि त्यावरून कॉलेज ठरवा, उलटं नको. विद्यापीठाच्या संघातून खेळायला क्लब सोडेल का, हेही आत्ताच विचारा. बरेच क्लब कुरकुर करतात. आणि गुजरातकडून संतोष करंडक खेळण्याचा रस्ता गोव्यात नोंदणी झाल्यावर खुला राहतो का, ते गुजरात राज्य फुटबॉल असोसिएशनकडून लेखी घ्या. गोव्याच्या संघात शिरण्यापेक्षा गुजरातच्या संघात जागा मिळवणं त्याला सोपं जाईल, असा माझा अंदाज आहे.

पुढे खेळणं थांबलं तरी याच क्षेत्रात राहायचं असेल, तर स्वर्णिम गुजरात स्पोर्ट्स युनिव्हर्सिटी आपल्याच जिल्ह्यात, डेसरला आहे. पदवीनंतर त्याचा विचार करता येईल, आज त्याची घाई नाही.

माझा कल विचाराल तर सांगतो. रिझर्व्हमध्ये तो दुसरा गोलकीपर असेल, गोलकीपिंग कोच पूर्णवेळ असेल आणि रक्कम कागदावर येणार असेल, तर त्याला मोठ्या क्लबात पाठवा. पहिलं वर्ष बेंचवर गेलं तरी रोजच्या सरावात भरून निघेल, दुसरं मात्र तसं जाऊ देऊ नका. आणि एकूण सहा गोलकीपरांत तो सहावा असेल, पैशांचं अजूनही 'नंतर बघू'च चाललं असेल, तर गावच्या क्लबात जाऊ द्या. तिथे तो दर आठवड्याला नव्वद मिनिटं उभा राहील, गोल खाईल, शिव्याही खाईल, आणि त्याच लीगमध्ये या मोठ्या क्लबच्या रिझर्व्ह संघाविरुद्धही खेळेल. त्या दिवशी त्यांचा कोच समोरच बसलेला असतो. आज हो म्हणणाऱ्या क्लबाची नजर तेव्हाही त्याच्यावर जाईल.

डिसेंबरपर्यंत तो अल्पवयीन आहे, त्यामुळे कागदावर तुमचीही सही लागेल. मसुदा आला की सही न करता त्याची प्रत मला पाठवा, आणि क्रीडा करार वाचलेला एखादा वकीलही बघून ठेवा. बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या कॉलेजांचे प्रवेश लगेच सुरू होतील. गुजरात बोर्डातून येणाऱ्याला मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, त्याचा अर्ज आधीच करून ठेवा.